माघारीं बोलाविलेल्या मोटारी

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही पुण्यांत आमच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे फराळास गेलों होतों. बोलतां बोलतां त्यांनीं टेबलाच्या खणांतून एक पत्र काढून आमच्या हातीं दिलें. पत्र त्यांच्या मोटारीच्या कारखानदारांकडून आलेलें होतें. आपली गाडी अमुक एका भागाच्या तपासणीकरितां नजीकच्या कार्यशाळेंत आणावी, दोष आढळल्यास तो भाग विनामूल्य बदलून देण्यांत येईल, अशी त्यांत विनंति होती. तारीख पाहिली तों पत्रास चार महिने उलटून गेलेले! "अहो, गाडी उत्तम चालते. उगाच त्यांच्या दारीं कशाला न्यायची? एकदां हातीं सांपडलों म्हणजे हें बदला, तें बदला, म्हणून चार पैसे काढतील," असें आमच्या स्नेह्यांचें म्हणणें. त्यांच्या सौभाग्यवतींचा समज याहून निराळा होता. गाडी वाईट निघाली म्हणून कंपनी ती परतच मागत आहे, आणि ही गोष्ट शेजारीं कळली तर शोभा होईल, असें त्यांना वाटलें होतें. आणि म्हणूनच पत्र खणांत गेलें होतें.

या समजुती या एकाच घरापुरत्या असत्या तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु हल्लीं मध्यम स्थितींतील कुटुंबांतही मोटार आली आहे, आणि तिच्या मागोमाग अशीं पत्रेंही येऊं लागलीं आहेत. कांहीं घरीं तीं विम्याच्या पावत्यांत दडपलीं जातात, तर कांहीं घरीं सरळ रद्दींत जातात. म्हणून गाड्या माघारीं बोलावण्याची ही चाल, जिला सर्वत्र 'रिकॉल' म्हणतात, ती पडली कशी, आणि ती वेळेवर न पाळल्यास काय अनर्थ होतो, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण परक्या देशांतलें खरें. पण त्यांतली पायाखालची रबरी मॅट आपल्याही गाडींत आहे.

अपघात झाला कीं दोष हाकणाऱ्याचा, हा सिद्धान्त एके काळीं सर्वमान्य होता. अमेरिकेंत १९६५ सालीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें मोटारींच्या सदोष रचनेवर पुस्तक लिहून या सिद्धान्तालाच हात घातला. मोठी खळबळ उडाली, आणि पुढल्याच वर्षीं, सप्टेंबर १९६६ मध्यें, अध्यक्ष जॉन्सन यांनीं वाहनांच्या सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यानें व त्याला मागाहून जोडलेल्या नियमांनीं कारखानदारावर असें बंधन घातलें आहे कीं, सुरक्षिततेस बाधक असा दोष गाडींत आहे हें निश्चित होतांच त्यानें कामाच्या पांच दिवसांच्या आंत सरकारी खात्यास कळविलें पाहिजे, गाड्यांच्या मालकांस पत्रें धाडलीं पाहिजेत, आणि दुरुस्ती फुकट करून दिली पाहिजे. पांच दिवसांची ही मुदत वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढील सारी कथा तिच्याभोंवतींच फिरते.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे मुलगे-सुना किंवा लेकी-जांवई अमेरिकेंत आहेत, त्यांना २०१० सालच्या आरंभींचा गोंधळ आठवत असेल. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या दारांत टोयोटाची कॅम्री नाहीं तर कोरोला उभी असणें हें जवळ जवळ ठरलेलेंच असे. कारण 'बिघडत नाहीं ती गाडी' हा टोयोटाचा लौकिक. हा लौकिक अकस्मात् मिळालेला नव्हता. या घराण्याचा मूळ पुरुष साकिची टोयोडा हा एका सुताराचा मुलगा. त्यानें सारें आयुष्य हातमाग व यंत्रमाग सुधारण्यांत घालविलें, आणि १९२४ सालीं असा स्वयंचलित माग सिद्ध केला कीं, विणतांना एखादा धागा तुटला तर माग आपणहून थांबावा. तुटलेल्या धाग्यानिशीं यंत्र चालूं राहिलें तर वाया गेलेल्या कापडाचे ढीग पडतात, यासाठीं ही युक्ति. त्या मागाचे हक्क १९२९ सालीं इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स या विख्यात कारखान्यानें एक लक्ष पौंडांस घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो यानें पुढें मोटारींचा उद्योग काढला व १९३७ सालीं टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. मागाचें तत्त्व मोटारींच्या कारखान्यांतही आलें. तेथें कामाच्या रांगेवरून एक दोरी गेलेली असते, आणि दोष दिसतांच ती ओढून सारी रांग थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारालाही असतो. जगांतल्या व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनीं या दोरीचे गोडवे गाइले आहेत.

असें असतांही २८ ऑगस्ट २००९ रोजीं जें घडलें तें घडलें. कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो शहराजवळ सॅन्टी म्हणून गांव आहे. तेथें राज्याच्या महामार्ग-पोलीस दलांतील एक अनुभवी अधिकारी, त्याची पत्नी, १३ वर्षांची मुलगी आणि मेहुणा असे चौघे गाडींतून चालले होते. गाडी लेक्सस, म्हणजे टोयोटाच्याच उंची जातीची. ती त्यांची स्वतःची नव्हती. स्वतःची गाडी दुरुस्तीस टाकली होती, तोंपर्यंत वापरावयास विक्रेत्यानें ही दिली होती. वाटेंत ॲक्सिलरेटरचें पेडल खालीं दबलें तें वर येईना. वेग ताशीं १०० मैलांच्या वर गेला. मागें बसलेल्या मेहुण्यानें पोलिसांना फोन लावला. ॲक्सिलरेटर अडकला आहे, ब्रेक चालत नाहींत, चौक जवळ येत आहे, एवढें त्यानें सांगितलें, आणि अखेर बरोबरच्यांना घट्ट धरून बसा, प्रार्थना करा, असें म्हणतांना त्याचा आवाज नोंदला गेला. रस्ता संपला तेथें दुसऱ्या मोटारीस धडकून गाडी बांधाखालीं गेली व पेटली. चौघांपैकीं कोणीही वांचलें नाहीं.

पुढें तेथील शेरीफच्या खात्यानें चौकशी केली. गाडींत चालकाच्या पायाखालीं जी जाड रबरी मॅट होती ती या गाडीची नव्हतीच. ती दुसऱ्या, मोठ्या जातीच्या गाडीसाठीं केलेली होती. ती नीट अडकविलेलीही नव्हती. तिच्या कडेखालीं पेडल सांपडलें होतें. याहून जिवाला लागणारी गोष्ट निराळीच. हीच गाडी कांहीं दिवस आधीं दुसऱ्या एका गिऱ्हाइकास दिली होती. त्याचेंही पेडल असेंच अडकलें होतें, त्यानें तें कसेंबसें सोडविलें होतें, आणि गाडी परत करतांना तेथील माणसास तसें सांगितलेंही होतें. सांगितलेलें तेथेंच विरलें. एका माणसानें खालीं वाकून एक मॅट उचलून बाजूला टाकली असती, तर चार जीव आज असते.

आमच्या वाचकांपैकीं गाडी चालविणारे येथें विचारतील कीं, अहो, पोलीस अधिकारी तो, त्याला ब्रेक दाबतां येईना? याचें उत्तर प्रत्येक चालकाला ठाऊक असलें पाहिजे. आजकालच्या गाड्यांत ब्रेकला इंजिनांतील निर्वात पोकळीचें साहाय्य असतें, म्हणून तो हलक्या पायानें लागतो. ॲक्सिलरेटर पुरा उघडा राहिला कीं ही पोकळी निर्माण होणें बंद होतें. सांठलेली शक्ति एक-दोनदां पुरते. घाबरून ब्रेक पुनःपुन्हा दाबला-सोडला कीं ती संपते आणि पेडल दगडासारखें होतें. शिवाय त्या गाडीला किल्ली नव्हती, बटण होतें, आणि गाडी चालूं असतां इंजिन बंद करावयाचें तर तें बटण तीन सेकंद दाबून धरावें लागे. परक्या गाडींत बसलेल्या माणसाला हें कोणीं सांगावें? आणि त्या वेगांत तीन सेकंद म्हणजे दीडशें यार्ड.

या अपघातानें अमेरिका हादरली. २९ सप्टेंबर २००९ रोजीं टोयोटानें जाहीर केलें कीं, सुमारें ३८ लक्ष गाड्यांच्या मालकांनीं चालकाच्या पायाखालची मॅट काढून टाकावी. मूळ कारण सांपडलें आहे व त्याचा बंदोबस्त होत आहे, अशी ग्वाही त्यानंतर लोकांना देण्यांत आली. परंतु त्याच २९ सप्टेंबरच्या दिवशीं आणखी एक कागद बाहेर पडला, आणि तो अमेरिकेंतील मालकांना दिसला नाहीं. युरोपांतील ३१ देशांतील व कॅनडांतील आपल्या विक्रेत्यांना टोयोटानें दुरुस्तीच्या सूचना धाडल्या होत्या, त्या मॅटविषयीं नव्हत्या. त्या मॅट नसतांही चिकटणाऱ्या पेडलाविषयीं होत्या.

हा दुसरा दोष समजून घेण्यासारखा आहे. पूर्वीं ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तारेची दोरी जात असे. पाय दाबला कीं दोरी ताणली जाई, आणि पायाला तिचा ओढा जाणवे. पुढें दोरी गेली व तिच्या जागीं विजेचा संदेश आला. पेडल किती दबलें हें एक उपकरण मोजतें व इंजिनाला कळवितें. पण नुसत्या स्प्रिंगवरचें पेडल पायाला पोकळ, अस्थिर लागतें. म्हणून पूर्वीचा ओढा पायाला जाणवावा यासाठीं पेडलाच्या बिजागरीशीं प्लॅस्टिकचा एक घासणारा तुकडा मुद्दाम बसविलेला असतो. अमेरिकेंतील सीटीएस या कंपनीनें टोयोटाकरितां केलेल्या पेडलांत हा तुकडा झिजून, आणि थंडीच्या दिवसांत त्यावर दंव धरून, जरुरीपेक्षां अधिक घट्ट धरूं लागे. मग पेडल हळूहळू वर येई, किंवा अर्ध्यावरच राही. म्हणजे जुन्या दोरीची केवळ आठवण राखण्यासाठीं घातलेला तुकडाच घातक ठरला! त्यावरचा इलाजही किती साधा पाहा: पोलादाची एक लहानशी अचूक कापलेली पट्टी आंत सरकवावयाची, कीं घर्षण बेताचें होतें. काम थोड्या मिनिटांचें. पण तें सांगावयास कंपनीला चार महिने लागले. १६ जानेवारी २०१० रोजीं कंपनीच्या अमेरिकेंतील एका अधिकाऱ्यानेंच आपल्या सहकाऱ्यांना लिहिलें कीं, आतां लपविण्याचे दिवस संपले, खरें काय तें सांगून टाकलें पाहिजे. २१ जानेवारीस २३ लक्ष गाड्या माघारीं बोलाविल्या गेल्या, आणि २६ जानेवारीस आठ प्रकारच्या गाड्यांची अमेरिकेंतील विक्रीच थांबविण्यांत आली. साकिचीच्या मागाची दोरी अखेर ओढली गेली, पण पांच दिवसांच्या मुदतीच्या कितीतरी पलीकडे.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. २४ फेब्रुवारी २०१० रोजीं किइचिरोचा नातू व कंपनीचा अध्यक्ष अकिओ टोयोडा हा अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें उभा राहिला. कंपनी वाढली ती कदाचित् फार वेगानें वाढली, असें त्यानें कबूल केलें व झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. चिकटणाऱ्या पेडलाची वर्दी उशिरां दिल्याबद्दल त्या वर्षीं १ कोटि ६३ लक्ष ७५ हजार डॉलर दंड झाला. त्या वेळच्या कायद्यांत याहून मोठा दंडच नव्हता. मॅट व दुसऱ्या एका दोषाबद्दल डिसेंबरांत आणखी ३ कोटि २४ लक्ष २५ हजार डॉलर. एवढ्यावर प्रकरण मिटलें नाहीं. १९ मार्च २०१४ रोजीं अमेरिकेच्या न्यायखात्याशीं झालेल्या करारांत, आपण सुरक्षिततेविषयीं गिऱ्हाइकांची दिशाभूल केली, हें कंपनीनें मान्य केलें आणि १२० कोटि डॉलर भरले. पोलादाच्या पट्टीची किंमत आम्हांस माहीत नाहीं. मौनाची मात्र ही झाली.

तरीही या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगणें हा पक्षपात होईल. गाडी आपोआप सुटली, अशी तक्रार करणारे सारेच निर्दोष नसतात. १९८६ सालीं अमेरिकेंतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी-कार्यक्रमानें ऑडी ५००० ही जर्मन गाडी आपणहून धांवते असा गवगवा केला. तीन वर्षांनीं सरकारी चौकशी पुरी झाली. बहुतेक प्रसंगीं चालकाचा पाय ब्रेकऐवजीं ॲक्सिलरेटरवर पडला होता असें दिसलें. तोंवर त्या कंपनीचा अमेरिकेंतील खप वर्षाला ७४ हजारांवरून १२ हजारांच्या घरांत येण्याच्या वाटेस लागला होता. टोयोटाच्या वेळींही हाच वाद उठला. यंत्रांतला संगणक बिघडतो काय, हें पाहण्याचें काम चंद्रावर माणसें धाडणाऱ्या नासाच्या अभियंत्यांकडे देण्यांत आलें. त्यांनीं दहा महिने खपून, संगणकाच्या आज्ञांच्या २ लक्ष ८० हजारांहून अधिक ओळी तपासून, फेब्रुवारी २०११ मध्यें निर्णय दिला कीं, विद्युत्‌यंत्रणेंत असें वेगभान सुटण्याचें कारण आढळत नाहीं. मॅट आणि चिकटणारें पेडल हे दोनच दोष ठरतात. उलट ऑक्टोबर २०१३ मध्यें ओक्लाहोमा राज्यांतील ज्यूरीनें एका वृद्ध स्त्रीच्या कॅम्रीच्या बाबतींत संगणकाच्या आज्ञावलीलाच दोषी धरलें. दोन्ही निर्णय आज कागदोपत्रीं आहेत. आमचें मत विचाराल तर, ऑडीच्या प्रकरणापासून कारखानदारांना 'चूक तुमच्या पायाची' असें म्हणण्याची जी सवय लागली, तिनें पुढच्या खऱ्या तक्रारी ऐकूं दिल्या नाहींत. तक्रार करणारी बहुधा वयस्क बाई असली म्हणजे तर तिचें कोण ऐकणार! आपल्या घरीं आजी म्हणते गाडीला कसला तरी वास येतो, आणि आपण म्हणतों, आजीला भास होतात. त्यांतलाच हा प्रकार.

या प्रकरणानंतर एक चांगली सुधारणा सर्वत्र झाली. ब्रेक व ॲक्सिलरेटर एकाच वेळीं दबले तर ब्रेकचें ऐकावें व इंजिनाचा जोर काढून घ्यावा, अशी व्यवस्था पुष्कळ गाड्यांत बसविण्यांत येऊं लागली. आपली गाडी तशी आहे कीं नाहीं, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत पाहावें. दोष मात्र संपत नसतात. एप्रिल २०२४ मध्यें टेस्ला कंपनीनें आपले ३,८७८ सायबरट्रक माघारीं बोलाविले. कारण काय, तर पेडलावरची धातूची झांपी बसवितांना ती सहज सरकावी म्हणून कारखान्यांत कोणीं साबण लावला होता. तो राहून गेला, झांपी सैल झाली, आणि निसटून पेडलाला दाबून धरूं लागली. विसाव्या शतकांत रबरी मॅट, एकविसाव्यांत साबण, असें म्हणणार होतों. पण दोन्ही गोष्टी एकविसाव्याच शतकांतल्या आहेत.

आपल्याकडे या बाबतींत फार दिवस कायदा नव्हता. जुलै २०१२ मध्यें मोटार-कारखानदारांच्या संस्थेनें आपणहून कांहीं नियम केले, व ऐच्छिक रीतीनें गाड्या बोलावण्यास सुरुवात झाली. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन ११०-अ हें कलम आलें, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आतां मालकांच्या तक्रारींवरून सरकार कारखानदारास गाड्या परत बोलावण्याचा हुकूम करूं शकतें, आणि एक कोटि रुपयांपर्यंत दंडही सांगितलेला आहे. तक्रारी मोजूनच हुकूम निघावयाचा असल्यामुळें, आपली तक्रार नोंदविणें हें नुसतें कुरकुरणें नव्हे, हें ध्यानांत यावें. पत्र आलें नसेल तरी गाडीचा चासी-क्रमांक देऊन विक्रेत्याकडे विचारतां येतें. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनीं तर विचारावेंच. कारण कारखानदाराचें पत्र पुष्कळदां पहिल्या मालकाच्या पत्त्यावरच जातें.

आतां पायाखालच्या मॅटविषयीं. आपल्या लोकांना नवी वस्तु झांकून ठेवण्याची भारी हौस. गाडीबरोबर आलेल्या मॅटेवर बाजारांतली दुसरी रबरी मॅट, तिच्यावर पावसाळ्यांत वर्तमानपत्र, आणि कांहीं रसिकांच्या गाडींत त्याहीवर गालिच्याचा तुकडा, असे थर आम्हीं स्वतः पाहिले आहेत. चालकाच्या बाजूला एकच मॅट असावी. ती त्याच गाडीच्या मापाची असावी, आणि तिच्या भोंकांत जमिनीवरच्या आंकड्या बसलेल्या असाव्या. पाण्याची बाटली आसनाखालीं ठेवूं नये, ती उतारावर घरंगळत पेडलांखालीं येते. कोल्हापूरहून परत येतांना अंबाबाईच्या प्रसादाचा नारळ याच जागीं गडगडतांना पाहून आमचा जीव घशाशीं आला होता. आणि कधीं काळीं पेडल अडकलेंच, तर ब्रेक एकदांच, सारा जोर लावून दाबावा व सोडूं नये. क्लचची गाडी असेल तर क्लचही दाबावा, स्वयंचलित असेल तर दांडा न्यूट्रलवर आणावा. गाडी कडेला उभी राहिली म्हणजे मग इंजिन बंद करावें. घरांत जितके जण गाडी चालवितात, सून, मुलगी, नुकतेंच शिकलेलें पोर, त्या सर्वांना हें एखाद्या रविवारीं मोकळ्या मैदानांत करून दाखवावें. इंजिनाचा आवाज वाढेल, तो वाढूं द्यावा.

आमच्या स्नेह्यांनीं भाऊबीज झाल्यावर गाडी नेली. भाग बदलला, दीड तास लागला, पैसा पडला नाहीं, आणि वर चहा मिळाला, याचें त्यांना फारच आश्चर्य वाटलें. सौभाग्यवतींनीं पत्र आतां गाडीच्या कागदांत जपून ठेवलें आहे. फक्त, परत येतांना त्या आनंदाच्या भरांत त्यांनीं वाटेवरच्या दुकानांतून रबरी मॅटांचा एक नवा जोड घेतला आणि तो जुन्यांवर पसरला. तो काढावयास आम्ही येत्या रविवारीं जाणार आहों.